हुरमतखालांची राहिलेली माफी

बार्शीच्या छापखान्यात मी आमच्या पत्रकाची प्रुफं तपासत बसलो होतो. येरमाळ्याहून भुईमुगाची पोती घेऊन आलेला ओळखीचा गाडीवान दाराशी उभा राहिला, टोपी काढून घाम पुसला आणि म्हणाला, "मालक, तुमच्या दर्ग्यातली खाला पडली बघा. आडाच्या चौथऱ्यावरनं. उठता येईना झालंय." मी विचारलं, "कधी?" तो म्हणाला, "परवा." मी "बरं" म्हणालो आणि खाली मान घालून उरलेलं पान तपासलं. त्या पानावर 'जुलूम' हा शब्द तीनदा आला होता, त्यातला एक काढावा की ठेवावा याचा मी बराच वेळ विचार केला, हे मला अजून आठवतं. दुसऱ्या दिवशी छापील गठ्ठा हातात पडला तेव्हा निघालो. तो सरकीच्या पेंडीच्या पोत्यांत दडवून निजामाच्या हद्दीवरचा करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका पार करण्यात आणखी एक दिवस गेला. वाशीला घरी पोचलो आणि अव्वाला, माझ्या आईला, निरोप सांगितला. ती दुकानाच्या ओसरीवर तूर पाखडत होती. सूप खाली ठेवून तिनं एवढंच विचारलं, "तुला कधी कळलं?" मी खरं ते सांगितलं. ती उठली...

हुरमतखालांना जाऊन आता सहा आठवडे होतील. पुरवणीसाठी त्यांच्याविषयी लिही, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी आधी नको म्हणालो. मला पत्रकं लिहिता येतात. पत्रकात एक जुलमी असतो, एक पीडित असतो आणि शेवटी उद्गारचिन्ह असतं. हुरमतखाला यातल्या कुठल्याच खणात बसत नाहीत. मी एकदा त्यांना बळंच बसवायला गेलो होतो, ते पुढं येईलच. वाशीपासून कोसभरावर माळाला एक लहानसा दर्गा आहे. त्या दर्ग्याची दिवाबत्ती बघणाऱ्या मुजावराची ही विधवा. नवरा वारल्यावर दिवाबत्ती पुतण्याकडं, हुसेनकडं गेली. खालांकडं राहिली ती आसपासच्या गावांतून तिथं आणून सोडलेली, डोकं फिरलेली माणसं. लोक त्यांना वेडे म्हणत. खाला 'मेहमान' म्हणत. कुठल्याही सरकारी कागदावर या बाईचं नाव नाही, आणि जे सरकार आपल्या रयतेतल्या वेड्यांना दारात उभं करत नाही त्याच्या कागदावर ते नसलेलंच बरं, असं मी रागानं म्हणत असे. आता तसं म्हणवत नाही.

चार वर्षांपूर्वी, लढाईच्या दिवसांत, अव्वाला शेवटचं मूल झालं आणि ते बाराव्या दिवशी गेलं. त्याला पुरून आल्यापासून अव्वा झोपेना. मूल परसातल्या आडात आहे, ते पाणी पितंय, त्याचं पाणी संपवू नका, असं ती सांगायची. घरातलं पाणी तिनं तोंडाला लावायचं सोडलं. शेजारणी ऊस चोखायला द्यायच्या, काकडीची फोड द्यायच्या, त्यावर ती जगली. देवऋषी आला. त्यानं मिरच्यांची धुरी दिली, कपाळावर डाग दिला. अप्पांनी, माझ्या वडिलांनी, तिला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तिला दारातूनच पाहिलं आणि म्हणाले, "घरी बांधून ठेवा. न्हाय तर लांब वेड्यांच्या इस्पितळात न्या, जागा असली तर." डॉक्टरकी शिकून आलेल्या माणसाकडंही शेवटी दोरच निघाला! मग चुलतीनं दर्ग्याचं नाव काढलं. आम्ही लिंगायत, गळ्यात इष्टलिंग बांधणारी माणसं. पण अडलेल्या माणसाला या माळावर कुणी जात विचारत नाही. बाजाराचा दिवस टाळून, लोक बघतील म्हणून भल्या सकाळी अव्वाला बैलगाडीत घालण्यात आलं. ती उतरून पळू पाहत होती, म्हणून तिला बांधण्यात आलं...

दर्ग्याच्या पडवीला पाच दगडी कडी होती आणि त्यातल्या चारांना माणसं होती. मी अठराचा होतो, नुकताच निजामाविरुद्धच्या चळवळीत गेलो होतो, आणि माझ्या आईच्या पायात साखळी पडताना मी पाहिली. खालांनी आधी तिच्या घोट्याला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली, तिच्यावर कडं चढवलं आणि करंगळी आत घालून पाहिली, घट्ट तर नाही ना. हुसेन म्हणाला, "चाची, गळ्यातला दोरा काढा. फास लावून घेतील." खाला म्हणाल्या, "नइं. उसका खुदा उसके गले में है. मैं कौन निकालनेवाली?" आणि त्यांनी दोरा आखूड करून बांधला, बोटभर सैल, की लिंग जागेवर राहील आणि फास बसणार नाही. मग आडाचं पाणी शेंदून आणलं, तांब्या स्वतः तोंडाला लावला, घोटभर प्याल्या आणि त्याच तांब्यातलं अव्वाला दिलं. "हे तुमच्या घरच्या आडाचं न्हाय. यात कुणी न्हाय. मी बघितलंय." अव्वा प्याली. वीस दिवसांनी ती पाणी प्याली. नंतर त्यात खालांनी दुवा पढून फुंकर घातली होती असं मला कळलं, तेव्हा मी हसलो. "फुंकरीनं माणूस बरं होतंय व्हय खाला?" त्या म्हणाल्या, "फुंकर माझ्यासाठी बेटा. मेरा हाथ कापता था."

त्यांची रीत मी पुढं पाच महिने पाहिली, कारण दर तीन-चार दिवसांनी शिधा घेऊन मीच जात होतो. या माणसांचा दिवस मोडलेला असतो, असं त्या म्हणायच्या. सकाळ कुठं संपते, दुपार कुठं लागते, त्यांना कळत नाही. म्हणून त्यांनी दिवसाला पाच खुंट्या ठोकल्या होत्या, नमाजाच्या पाच वेळा. हुसेननं बांग दिली की प्रत्येक मेहमानाला एक काम. कुणी झाडायचं, कुणी गहू निवडायचे, कुणी कबुतरांना दाणे टाकायचे. नमाज पढा, असं त्यांनी कुणालाच, अगदी मुसलमान मेहमानालाही, कधी म्हटलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "इनपर नमाज है ही नइं. रोजा बी नइं. जिसका होश गया उसपर से कलम उठ गया. फरिश्ते त्याचं काही लिहीत न्हाईत." मग सांडशीनं चुलीतला निखारा पुढं ओढत म्हणाल्या, "माझं लिहितात ना! त्याला होश न्हाय म्हणून माझं दुप्पट लिहितात." एका मेहमानाच्या भावानं त्याला थोबाडीत मारली त्या दिवशी हीच बाई त्याच्या अंगावर धावून गेली होती. "उसके खाते में कुछ नइं चढ़ता रे! ही चापट तुझ्या पानावर गेली, जा आता घरी!" तो पन्नाशीचा बाप्या पोरासारखा गाडीकडं गेला.

अव्वाला त्यांनी पहिले दोन महिने पाण्याजवळ नेलं नाही. मग एक दिवस साखळी सोडून, स्वतः तिचा हात धरून आडापर्यंत. मग पोहरा ओढायला. चौथ्या महिन्यात नमाजापूर्वी हातपाय धुवायच्या बदन्या भरायचं काम अव्वाचं झालं. जी बाई आडाच्या नावानं किंचाळायची, ती पाची वेळा आडावर जायला लागली. पहाटेच्या बांगेनंतर खाला तिला आंघोळ घालून लिंगपूजेला बसवायच्या आणि स्वतः पाठमोऱ्या बसायच्या, तिला संकोच नको म्हणून. मी चिडखोर पोरगा, वाद घालायचो. पीर काय बरं करणार, मेलेला माणूस! खाला म्हणाल्या, "हौ, पीरसाहब तो सो रहे हैं. काम मीच करते. उनको मत उठा." उरुसाला तेरखेड्याचे शोभेची दारू करणारे कारागीर यायचे. खाला त्यांच्याकडं आधी जाऊन हात जोडायच्या, आवाजाची दारू नको, नुसती उजेडाची आणा, माझे मेहमान दचकतात. त्या माळावरच्या उरुसात म्हणून फक्त झाडं आणि चक्र्या असत, आणि साखळीतली माणसं त्या उजेडाकडं तोंड वर करून बघत बसत.

पाचव्या महिन्यात अव्वा बरी झाली. तिला न्यायला अप्पा आणि मी गेलो तेव्हा एक गोष्ट घडली, जिच्याभोवती हा सगळा लेख फिरतोय. खालांनी अव्वाला बाजेवर बसवलं, नव्या बांगड्या भरल्या. मग स्वतः खाली जमिनीवर बसल्या, ती साखळी उचलून अव्वाच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "गंगाबाई, तुम्हाला मी बांधलं. हक्क तुमचा आहे. माफ करा." अप्पा गडबडले, "अहो खाला, उपकार तुमचे, माफी कसली?" खालांनी त्यांना हातानं थांबवलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. अल्लाचा गुन्हा अल्ला माफ करील, पण माणसाचा गुन्हा माणसानंच माफ करायला हवा, तो अल्लाही परस्पर सोडत नाही. आणि बेहोश माणसानं दिलेली माफी चालत नाही. म्हणून तो शुद्धीवर येईपर्यंत थांबायचं आणि मग मागायची. प्रत्येक बऱ्या झालेल्या मेहमानापुढं त्या अशा बसत. जे बरे न होताच घरी नेले गेले, जे तिथंच वारले, त्यांची नावं त्या रोज दुपार कलली की नमाजानंतर हात पसरून घेत.

अव्वा बोलणार होती. तिचे ओठ हलले होते. मी मधे पडलो. "अव्वा, देऊ नको," मी म्हणालो. "आज तू माफ केलंस की उद्या दुसरीच्या पायात हीच साखळी. चार माणसं अजून त्या कड्यांना आहेत. त्यांना सोडू द्या, मग मागा म्हणावं माफी!" अप्पा माझ्यावर खेकसले. खालांनी माझ्याकडं पाहिलं, पण रागानं नाही, हिशेब ऐकल्यासारखं. अव्वानं एकदा माझ्याकडं, एकदा त्या जमिनीवर बसलेल्या बाईकडं बघितलं. मग पाच महिन्यांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर काहीतरी हललं आणि ती म्हणाली, "बघू पुढच्या बाजारी." मला वाटलं, मी जिंकलो.

मग मी 'साखळी' नावाचं पत्रक लिहिलं. बार्शीला छापून आणलं. त्यात दर्ग्याला कैदखाना म्हटलं होतं, खालांना जेलर म्हटलं होतं. ते येरमाळ्याच्या बाजारात वाटलं आणि दुपारपर्यंत आमच्याच चळवळीतला एक वक्ता पेठेत उभा राहून सांगू लागला की बघा, मुसलमान आपल्या बायकांना बांधून ठेवतात. मी गर्दीत घुसून ओरडलो की असं मी लिहिलेलं नाही. त्यानं शांतपणे पत्रक माझ्या हातात दिलं, "दाखव, कुठं न्हाय ते." आणि खरंच, मी तसं लिहिलं नव्हतं, पण तसं वाचता येणार नाही, असंही लिहिलं नव्हतं. दवाखान्याच्या दारातला डॉक्टर त्यात नव्हता. देवऋषी नव्हता. करंगळी आत घालून पाहणारी बाई नव्हती. दुसऱ्या दिवशी मी दर्ग्यात गेलो. खालांनी तो कागद आधीच मिळवला होता. "मेरेकू मराठी बोलता आता, पढ़ता नइं. तूच वाच," म्हणाल्या. मी वाचला. दुसरं काय करणार? गंजलेल्या साखळ्या, हे शब्द आले तेव्हा त्यांनी हात वर केला. "थांब. गंज? गंज लिखा? रोज तेल लावते मी! ते बदल." पुढं आणखी एकदा थांबवलं, "सात मेहमान? पाच कडी आहेत, सात कुठून आले?" जेलर या शब्दावर काही म्हणाल्या नाहीत. शेवट ऐकून झाल्यावर थोडा वेळ गहू निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "शिवा बेटा, सब लिखा. पर गाड़ी में रस्सी किसने बांधी, वो नइं लिखा."

मी घरी आलो. कुणाला काही सांगितलं नाही.

पुढच्या खेपेला गेलो तर कडी रिकामी होती. साखळ्या जोडून त्यांनी आडाच्या रहाटाला लावल्या होत्या, पोहरा त्यावर खाली-वर होत होता. जो मेहमान पळण्यातला असेल त्याच्या मनगटाला लुगड्याची पट्टी, आणि पट्टीचं दुसरं टोक खालांच्या स्वतःच्या मनगटाला. "बांधना है तो मैं बी बंधूंगी," त्या म्हणाल्या. "तेरी बात सही थी. लिखने का ढंग खराब था." जेवताना, झाडताना, नमाजाला उभं राहतानाही कुणीतरी त्यांच्या हाताला असे. साठीच्या पुढची, काडीसारखी बाई. तेव्हा त्यांनी मला एक काम सांगितलं. सरकारात एक अर्ज लिहून दे, म्हणाल्या, तू उर्दू शाळेत शिकलास, तुझं अक्षर चांगलं आहे. एक बाई हाताखाली द्या आणि आठवड्यातून एकदा डॉक्टर पाठवा, एवढंच मागायचं होतं. कागदही त्यांनी आणून ठेवला होता. मी म्हणालो, "खाला, हे सरकारच आम्ही मानत न्हाय. त्याच्या दारात मी 'अर्ज है' लिहू?" त्यांनी कागद परत घडी करून ठेवला. "बरं. मानायला लागलास की लिही." आमच्या चळवळीच्या नियमाप्रमाणं मी बरोबर होतो. आजही नियम तोच आहे. पण साखळी सोडा म्हणून सांगणाऱ्या माझ्यासारख्या एकानंही कधी एक दिवस आपलं मनगट पुढं केलं नाही, हेही तितकंच खरं आहे, आणि हे कुठल्याच पत्रकात छापलेलं नाही.

या सगळ्यात अव्वाची माफी राहिलीच होती. कडी रिकामी झाली तेव्हा मी तिला म्हणालो, आता द्यायला हरकत नाही. ती म्हणाली, "तुझ्या हरकतीवर थांबलीय व्हय मी?" खाला बाजाराच्या दिवशी तेल-मीठ न्यायला वाशीला येत आणि आमच्या दुकानाच्या ओसरीवर टेकत. अव्वा चटई टाकायची, चहा आणायची. चुलतीनं खालांसाठी निराळी कपबशी कोनाड्यात ठेवली होती, दांडा तुटलेली. पहिल्याच बाजारी अव्वानं त्या तुटक्या कपात स्वतः चहा ओतून घेतला आणि घरातला कप खालांपुढं सरकवला. चुलती आत भांडी आपटत होती. त्यानंतर दर बाजारी तेच. चहा संपला की खाला उगीच गंभीर होऊन म्हणत, "गंगाबाई, वो हक का क्या हुआ?"

"बघू पुढच्या बाजारी."

"अगे, मर जाऊंगी मैं!"

"मरा की. मी काय धरून ठेवलंय?"

"धरूनच ठेवलंय, न्हाय तर काय! ऊपर दरवाजे पे रोकेंगे मेरेकू. म्हणतील, वाशीवालीची चिठ्ठी कुठाय?"

"मग येईल की आठवण वाशीवालीची. न्हाय तर कुठं येतीय?"

आणि दोघी तोंडाला पदर लावून अशा हसायच्या की गिऱ्हाईक वजनाकडं बघायचं विसरायचं. तीन वर्षं हे चाललं. मला वाटायचं, अव्वा उगाच ताणतेय. एकदा म्हणालोही. ती म्हणाली, "तुला न्हाय कळायचं. तू भाषण कर."

...तर त्या दिवशी मी निरोप सांगितला आणि अव्वा तशीच उठली. लुगडंही बदललं नाही. गाडी जुंपायला लावली. दर्ग्यात हुसेननं काय झालं ते सांगितलं. रस्त्यानं लग्नाचं वऱ्हाड चाललं होतं, त्यांनी आवाजाची दारू उडवली. खाला आडावर होत्या आणि पट्टीच्या दुसऱ्या टोकाला एक तरणी मेहमान होती, कुणाची तरी सून, दर्ग्यात नवी आलेली. ती दचकून पळाली. पट्टी सुटली नाही. खालाही तिच्यामागं चौथऱ्यावरून खाली आल्या, कमरेवर. त्या पोरीचा दोष नाही. तिच्यावरून कलम उठलेली आहे. ज्यांच्यावरून उठलेली नाही, अशांची यादी मी करू शकतो आणि तिच्यात माझं नाव घालू शकतो.

ताप डोक्यात गेला होता. खाला कुणालाच ओळखत नव्हत्या. मोडल्या कमरेनं उठू बघायच्या, "मेहमान प्यासे हैं, पानी भरना है." हुसेन आणि मी दोघं मिळून त्यांना दाबून धरू लागलो. अव्वानं आम्हा दोघांना बाजूला सारलं. भिंतीच्या खुंटीवरची पट्टी काढली, एक टोक खालांच्या मनगटाला बांधलं, करंगळी आत घालून पाहिली, आणि दुसरं टोक आपल्या मनगटाला. "भरलंय पाणी," ती त्यांच्या कानाशी म्हणाली. "मी भरलं. पाची बदन्या भरल्या." खाला निवल्या. तीन दिवस अव्वा त्या बाजेशी बसून होती. बांग झाली की सांगायची, आता ही वेळ झाली, आता ती झाली, कबुतरांना दाणे टाकले. दुसऱ्या दिवशी मला राहवेना. मी म्हणालो, "अव्वा, आता तरी दे माफी. ऐकू जातंय त्यांना." अव्वानं माझ्याकडं बघितलं. "त्यांना होश कुठाय? बेहोश माणसासंगं हक्काचं बोलायचं न्हाय, त्यांचाच कायदा हाय. होश येऊ दे, मग देईन. माझ्यासाठी पाच महिने थांबली ती. मला तीन दिवस जड झाले व्हय?"

होश आला नाही. तिसऱ्या दिवशी, दुपारच्या बांगेच्या वेळी, पट्टी अव्वाच्या हातात सैल पडली.

बायकांनी आत न्हाऊ घातलं, कफन नेसवलं. बाहेर माळावर माणसं जमली. येरमाळ्याची, वाशीची, तेरखेड्याचे ते कारागीरसुद्धा. मला ठाऊक नव्हतं, पण जनाज्याच्या नमाजापूर्वी घरच्यानं उभं राहून जमलेल्यांना विचारायचं असतं. हुसेन उभा राहिला. म्हणाला, "हुरमतबी के जिम्मे किसी का कोई हक बाकी हो, तो बोलो. नइं तो माफ करो." लोक पुटपुटले, माफ किया, माफ केलं. तेवढ्यात पडवीच्या पडद्याआडून आवाज आला. माझी आई चारचौघांत कधी बोललेली मी ऐकलं नव्हतं. "थांबा," ती म्हणाली. "माझं बाकी हाय." हुसेनचा चेहरा उतरला. मीही घाबरलो, खोटं कशाला बोलू. आतून बांगड्या वाजल्या. ती उठून उभी राहिली असावी. "गंगाबाई वाशीवाली," ती म्हणाली, माफी बाकी म्हणून खाला दुवेत तिचं नाव घ्यायच्या तसंच. "साखळीचं बाकी होतं. मी आता शुद्धीत हाय. सोडलं म्या." आणि मग, "...न्या आता तिला."

परतताना गाडीत ती बराच वेळ उन्हाकडं बघत होती. मी न विचारता तीच बोलली. "मला तिनं बांधलं, त्याचा राग आला न्हवता रे. पर कपाळावर डाग दिला, त्यानं कधी माफी मागितली न्हाय. दवाखान्यातल्या त्यानं दारातनं हाकललं, त्यानं न्हाय. तुझ्या अप्पांनी न्हाय. येडी म्हटलं की माणसं सगळीच सुटतात. ती एकटीच दर बाजारी येऊन मागायची, मोठ्या माणसाला मागतात तशी. दिली असती तर मागायची थांबली असती." मग म्हणाली, "तू पण न्हाय."

निघताना हुसेननं मला एक घडी केलेला कोरा कागद दिला होता. अर्जाचा. तो मी लिहिलाय. खाली माझं पूर्ण नाव घातलंय. चळवळीतले सोबती म्हणतात, शिवलिंग सरकारपुढं वाकला. म्हणू देत. अर्ज देऊन महिना झाला, उत्तर नाही. आलं नाही तर पुन्हा लिहीन, आणि जाब विचारायचा तो वेगळ्या कागदावर विचारीन. तोवर आठवड्यातले दोन दिवस मी दर्ग्यात असतो. पट्टीचं एक टोक माझ्या हाताला असतं. माझ्या जोडीचे चार तरणे हात अजून पाहिजेत. पत्रक वाचून येतात तेवढी माणसं या पुरवणीतून आली तरी चालेल.

बाजाराच्या दिवशी अव्वा अजून ओसरीवर चटई टाकते. कोनाड्यातला दांडा तुटलेला कप काढते, घरातला कप काढते, दोन्हीत चहा ओतते, आणि एक निवून जातो. पहिले चार बाजार मी दुकानातून नुसतं बघितलं. गेल्या बाजारी तागडी खाली ठेवून मी तिच्यापुढं येऊन बसलो. चटईवर नाही, खाली फरशीवर. म्हणालो, "अव्वा, गाडीत दोर मी आवळला होता. तू हात सोड म्हणत होतीस, तरी मी गाठ मारली. हक्क तुझा आहे. माफ कर."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग घरातला धड कप माझ्यापुढं सरकवला आणि तुटका स्वतः उचलला.

"पी, निवतोय," ती म्हणाली. "...बघू पुढच्या बाजारी."